नाव कापलेल्या गोळ्या

गोळ्यांवरचं नाव कापून टाकणं हे आमच्या घरात माझं काम होतं. मी चौथीत असल्यापासून.

अब्बा सौदीत होते. इमारतींच्या शटरिंगचे सुतार. शहराचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही. दोन वर्षांतून एकदा ते हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावला यायचे, दीड महिना राहायचे, आणि मी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलायला लागेपर्यंत त्यांची परत जायची वेळ व्हायची. मधल्या काळात आपल्याकडचा कोणी तिकडे निघाला, सेनगावचा, हिंगोलीचा, कधी वसमतकडचा, की त्याच्या बॅगेत आमची एक पिशवी जायची. असं सगळ्यांचंच चालायचं. जाणाऱ्याने प्रत्येक घराची एक-एक पिशवी न्यायची, किलोभराच्या वर नाही. आमच्या पिशवीत जवसाची चटणी, आंब्याचं लोणचं, दोन बनियन आणि अब्बांच्या सहा महिन्यांच्या गोळ्या. सकाळची शुगरची, रात्रीची बीपीची.

तिकडच्या डॉक्टरकडे जायचं नाही हे ठरलेलं होतं. कंपनीच्या दवाखान्यात एकदा शुगर लिहिली गेली की ती कायमची लिहिली जाते, असं अब्बा म्हणायचे. मग परवाना वाढवायच्या वेळी कोणीतरी तो कागद उघडतो आणि माणसाला घरी पाठवतो. त्यांच्या खोलीतल्या एकाला तसं पाठवलं होतं. आणि पिशवी नेणारा माणूस आपल्याच भागातला. त्याने नाव वाचलं तर ते खोलीत पोहोचणार, खोलीतून साहेबापर्यंत. म्हणून नाव नको.

मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसायची. स्ट्रिपमधली प्रत्येक गोळी कात्रीने वेगळी कापायची. मागच्या चंदेरी कागदावर मग दोन-तीन अक्षरं उरायची, त्यावरून कोणाला काही कळलं नसतं. एखाद्या तुकड्यावर जास्त अक्षरं दिसली तर त्यावर काळा मार्कर फिरवायचा. तुकडे कागदी पुड्यांत भरायचे. सकाळच्या पुडीवर सूर्य, रात्रीच्या पुडीवर चंद्र. चित्रांची कल्पना माझी होती. अब्बांनी फोनवर कौतुक केलं होतं, म्हणून मोठी झाल्यावरही मी तेच काढत राहिले.

घरात आम्ही दखनी बोलतो. शाळा हिंगोलीला, इंग्रजी माध्यमाची. अब्बा तिकडे होते म्हणून मी त्या शाळेत होते, हे कोणी मला वेगळं सांगायची गरज नव्हती. मराठी मला जीपमध्ये, दुकानात आणि शेजारच्या ओट्यांवर मिळाली. लिहायला ती सगळ्यांत शेवटी शिकले. घरातलं बोलणं इथे मराठीत उतरवलंय. काही शब्द उतरेनात, ते तसेच ठेवलेत. शाळेत मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलेलं वाक्य म्हणजे ‘स्पीक अप’. माझा आवाज वर्गाच्या तिसऱ्या बाकापर्यंतही जात नसे.

कोरोनात विमानं बंद झाली त्या आठवड्यात सेनगावचे एक जण निघणार होते. आमची पिशवी त्यांच्याकडे पोहोचलेली होती. चार दिवसांनी ते मोटारसायकलवर येऊन ती आमच्या दारात ठेवून गेले. तोंडाला रुमाल, अंतर राखून.

“घ्या भाभी. विमानच न्हाई तर मी काय खांद्यावर घेऊन पळत जाऊ का?”

अम्मीने पिशवी उचलली आणि लोणचं सांडलंय का ते आधी पाहिलं.

माझं नांदेडचं कॉलेज बंद झालं होतं, मी घरीच होते. अब्बांचा फोन संध्याकाळी साडेपाचला यायचा. घरात रेंज नसायची, म्हणून मी गच्चीवर उभी राहून बोलायची आणि शेवटी खाली जाऊन दारात अम्मीला द्यायची. दारापर्यंत आवाज तुटत-तुटत यायचा. त्यांचं काम बंद होतं. कंपनीच्या वस्तीला बाहेरून कुलूप, आठ जण एका खोलीत, जेवण डब्यातून. तरी त्यांचं बोलणं एकच: “सगळं ठीक. तुम्ही कोणी बाहेर पडू नका.”

अम्मी विचारायची, “गोळ्या हैं ना?”

“हौ, हैं.”

मागच्या पुड्या मी भरल्या होत्या. किती सूर्य, किती चंद्र, मला माहीत होतं. माझ्या हिशेबाने त्या रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात संपायला हव्या होत्या. दुसरा आठवडा गेला, तिसरा गेला, ईद झाली. “हैं,” ते म्हणत राहिले. म्हणजे एक तर ते खोटं बोलत होते किंवा गोळ्या अर्ध्या करून खात होते. मी अम्मीला काही बोलले नाही. अब्बांनाही विचारलं नाही. साडेपाचला फोन घ्यायचा, आकाशाकडे बघत “हौ अब्बा, हौ” म्हणायचं आणि तो खाली न्यायचा. गच्चीवर अम्मीच्या कुरडया वाळत असायच्या. त्यांच्यावरचे कावळे हाकलताना मला वाटायचं, या घरात मी एकटीच मोजते आहे.

एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“तू इंग्लिशवाली पोरगी ना? मी हट्ट्याचा. तुह्या बापाच्या वरच्या बेडवर झोपतो.”

हट्टा वसमत तालुक्यातलं. अब्बांच्या बोलण्यात हे काका यायचे. भाजी करायची पाळी त्यांची असली की खोलीतले सगळे उपाशी राहतात, असं काहीतरी. मी नमस्कार म्हणाले.

“नमस्कार ठिव बाजूला. बापाच्या पायाचं सांगितलं का त्यानं?”

“नाही.”

“न्हाईच सांगणार. काम बंद पडायच्या आधी फळी पडली पायावर. बोट काळं पडून राहिलं पोरी. वास येऊन राहिला. खोलीत आमी सात जण, नाकाला फडकं लावून हावोत, आन् तो म्हंतो, काही न्हाई, मुका मार हाय.”

काकांनी त्यांना ओढत वस्तीतल्या कंपनीच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे ताप नसलेल्याला आत घेत नव्हते. खिडकीतून नर्सने विचारलं, कोणता आजार आहे, कोणती औषधं घेता? अब्बांनी खिशातून पुडी काढून खिडकीत ठेवली.

“तिच्यावर चंद्र काढेल होता,” काका म्हणाले. “ती बाई हसली. दुसऱ्या बाईला बोलावून दाखवला. मंग दुखायच्या गोळ्या दिल्या आन् जा म्हनली.”

मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

“हॅलो? हाईस का?”

“आहे.”

“मोठ्यानं बोल की. त्या गोळीचं नाव काय ते तरी धाड.”

मी ओढणी घेऊन मेडिकलवर गेले. दुकानासमोर चुन्याची वर्तुळं आखली होती. मी शेवटच्या वर्तुळात उभी राहिले आणि माझी पाळी आल्यावरही तिथेच थांबले, कारण पुढे तिघं जण गप्पा मारत उभे होते. मेडिकलवाल्या काकांनीच हाक मारली.

“काय इंग्लिश मीडियम, आज माय न्हाई आली?”

“काका, अब्बांच्या गोळ्यांचं नाव पाहिजे.”

“नाव कशाला? गोळ्या घिऊन जा की.”

“तिकडच्या डॉक्टरला सांगायचंय.”

“मंग सांग, शुगरची पांढरी, बीपीची गुलाबी.”

गप्पा मारणारे हसले. मी हळू आवाजात विचारलं, “डॉक्टरांची चिठ्ठी आहे का तुमच्याकडे?”

“माझ्याकडं काहून राहील? चिठ्ठी गिऱ्हाइकाकडं राहती. हिंगोलीच्या डॉक्टरांनी लिहिली होती, ते तर वारले बिचारे. तवापासून तुही माय येती, ‘वोईच देव भाऊ’ म्हनती, मी देतो. बारा वर्षं झाली.” मग ते काउंटरवर वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, “कंपनी तीन डाव बदलली मी. आतलं औषध एकच हाय. घाबरू नको.”

त्यांनी दोन अख्ख्या स्ट्रिप दिल्या. घरी येऊन मी त्या उलट्या केल्या. बारा वर्षं जे कापत आले ते पहिल्यांदा सलग वाचलं. एका गोळीत दोन औषधं होती. बारीक अक्षरांत, पुढे मिलिग्रॅमचे आकडे. मी फोटो काढले, दोन्ही गोळ्यांतल्या औषधांची मूळ नावं वेगळी टाइप केली आणि हट्ट्याच्या काकांना पाठवली. त्यांनी जेवणाचा डबा आणणाऱ्या गाडीवाल्याच्या हातापाया पडून ती मागवली. दोनातली एक गोळी मिळाली. दुसरीला डॉक्टरचा कागद लागतो, असं तिकडच्या दुकानदाराने सांगितलं.

तोपर्यंत अडकलेल्या लोकांना आणायला विमानं सुरू झाल्याची बातमी आली. नाव नोंदवायला एक इंग्रजी फॉर्म होता. अब्बांच्या खोलीतल्या आठही जणांचे फॉर्म मी गच्चीवर बसून भरले. मी फक्त आवाज ओळखत होते त्यांचे. आता मला त्यांच्या जन्मतारखा पाठ झाल्या होत्या. फॉर्ममध्ये एक रकाना होता: परत जाण्याचं कारण. आजारी माणसं, गरोदर बाया, म्हातारे यांना आधी नेणार होते.

“आजार लिहू?” मी अब्बांना विचारलं.

“बिलकुल नक्को. आजारी माणसाला विमानात घेतील का? इथे खोकलं तरी लोक उठून जातात. आणि कंपनीला कळलं तर?”

“मग काय लिहू?”

“लिही, घरी शादी है.”

“कोणाची?”

“तुझी.”

फोन स्पीकरवर होता. कुरडया उलटवत बसलेली अम्मी कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली. मी लाल झाले असणार. रकान्यात मी ‘कौटुंबिक कारण’ एवढंच लिहिलं.

एक विमान गेलं, दुसरं गेलं. त्या वस्तीतून दोघं गेले. एकाचं हृदयाचं दुखणं होतं, दुसऱ्याची किडनी. हट्ट्याच्या काकांचा फोन आला. “ज्याच्याकडं कागद हाय तो चालला बघ. आमी शादीवाले बसलो इथंच.”

तेव्हा मला नीट कळलं. बारा वर्षं आम्ही अब्बांचा आजार इतक्या काळजीने लपवला होता की आता तो सिद्ध करता येत नव्हता. चिठ्ठी नाही, तपासणीचा कागद नाही, कुठल्याही दवाखान्यात नाव नाही. आणि हे काम सगळ्यात नीट मी केलं होतं.

“काका,” मी म्हणाले, “त्यांच्या पायाचा फोटो काढता का?”

“मारील मला. रातंदिवस मोजे घालून बसतो. नमाजीच्या आधी पाय धुतो तेवढाच उघडा.”

“तेव्हा काढा.”

“तुहा आवाज एवढासा, पण तू बापावर गेली,” म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. ओली फरशी, निळा प्लास्टिकचा मग आणि अब्बांचा उजवा पाय. अंगठ्याशेजारचं बोट काळं, त्याच्या पुढच्याची कड जांभळी. अब्बांचा पाय मी एवढ्या जवळून कधी पाहिला नव्हता. नखं माझ्यासारखीच होती, रुंद आणि आखूड. मी फोटो अम्मीला दाखवला नाही.

तो फॉर्मला जोडून पाठवला. आता दूतावासाच्या मदतीच्या नंबरवर बोलायचं होतं. मी वहीत वाक्यं लिहून काढली, शाळेत भाषणाला काढायची तशी. तीन दिवस फोन लागला नाही. चौथ्या दिवशी लागला तेव्हा पहिलं वाक्यच विसरले. पलीकडचा माणूस दक्षिणेकडचा असावा, दमलेला. इंग्रजीत त्याने दोनदा सांगितलं की जरा मोठ्याने बोला. मग म्हणाला, पेशंटशीच बोलू द्या.

“त्यांना विचारलंत तर ते ठीक आहे म्हणतील,” मी म्हणाले.

“सगळे तेच म्हणतात.” तो थांबला. “हा फोटो त्यांनी पाठवला ना?”

“मी पाठवला.”

“त्यांना माहीत आहे?”

मी वहीतलं पुढचं वाक्य शोधायला लागले. त्याने पुन्हा विचारलं नाही. म्हणाला, कोणत्याही डॉक्टरचा एक कागद जोडा, तिकडचा चालेल, तुमच्या गावचा चालेल. पण आजाराचं नाव स्पष्ट हवं.

गावच्या सरकारी दवाखान्यात त्या दिवशी पुण्या-मुंबईहून परतलेल्यांची रांग होती. नावं लिहून घेऊन कपाळाशी ताप मोजायचं यंत्र धरत होते. त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यातलं कोणी रांगेत उभं राहिलं की पुढचा-मागचा माणूस एक पाऊल जास्तच सरकायचा. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. रांगेत आमच्या गल्लीतल्या एक खाला होत्या. त्यांनी बुरख्याआडून मला न्याहाळलं.

डॉक्टर बाई माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या. पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखात घामाने भिजलेल्या. दारातच टेबल टाकलं होतं, त्यामुळे जे बोलायचं ते रांगेसमोरच.

“काय त्रास?”

“मला नाही. माझ्या वडिलांना.”

“कुठायत?”

“सौदीत.”

मागे कोणीतरी हसलं. “मॅडम, सौदीचे पेशंट भी येऊन राहिले आता,” असं एक जण म्हणाला. मी फोन पुढे केला. बाईंनी फोटो मोठा करून पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला.

“शुगर आहे का यांना?”

मी मान हलवली.

“ऐकू येत नाही. मास्कमुळे मला काही दिसतही नाही. शुगर आहे का?”

“आहे,” मी म्हणाले. माझ्या मानाने फार मोठ्याने. “बारा वर्षांपासून शुगर आहे. बीपी आहे. दोन-तीन महिन्यांपासून गोळ्या अर्ध्या खातायत.”

त्यांनी स्ट्रिप पाहिल्या, दवाखान्याच्या कागदावर लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता म्हणाल्या, “हे बोट जाणार. पाय ठेवायचा असेल तर लवकर आणा.” शिक्का मारला. कागद माझ्या हातात देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुढे काही विचारणार होत्या बहुतेक. तेवढ्यात रांगेतल्या एका लेकराला उलटी झाली.

मी घरी पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली होती. अम्मी चुलीपाशी उभी होती.

“सब में बोल दी?”

“लागत होतं अम्मी.”

“बारा साल मैंने सगी बहन को नहीं बोली.”

तिला पायाचं अजून माहीतच नव्हतं. मी फोन उघडून तिच्यासमोर धरला. तिने पाहिलं, पदराने स्क्रीन पुसली, जसा काही डाग तिथे होता, आणि पुन्हा पाहिलं. नंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझं ताट मात्र वाढून ठेवत होती, भाकरी रुमालात गुंडाळून. मी सगळी कागदपत्रं पाठवली, फॉर्ममधलं कारण बदललं, आणि गच्चीवर जाऊन बसले. कुरडया वाळून डब्यात गेल्या होत्या. हाकलायला कावळेही नव्हते.

नवव्या दिवशी अब्बांचं नाव यादीत आलं. मला ते त्यांच्याचकडून कळलं. फोन साडेपाचला नाही, सकाळीच आला.

“साहेबाने यादी वाचली. माझ्या नावापुढे ‘मेडिकल’ म्हणाला. तू लिहिलंस?”

“हौ.”

“मी काय लिहायला सांगितलं होतं?”

“शादी.”

ते हसले नाहीत. त्यांच्यामागे पंख्याचा आवाज येत होता, आणि कोणीतरी हळू आवाजात “जाऊ द्या की मियाँ” म्हणत होतं. हट्ट्याचे काका असावेत.

“परत न येण्याचा शिक्का मारतायत पासपोर्टवर,” अब्बा म्हणाले. “अम्मीला दे.”

त्यानंतर निघेपर्यंत त्यांनी रोज फोन केला, पण अम्मीच्या नंबरवर. जुना साधा फोन. रेंज धरायला ती अंगणात पेरूखाली उभी राहायची. मी आत बसून तिची अर्धी वाक्यं ऐकायची आणि उरलेली मनात भरायची. कोणत्या विमानतळावर कोणता कागद दाखवायचा, हे मी अम्मीला सांगायची आणि अम्मी त्यांना. दोघांच्या मध्ये ती अशी उभी राहायची आणि मधलं काहीतरी विसरायची. एकदा वैतागून म्हणाली, “तुम बाप-बेटी मेरे कू पोस्टमन बनाए क्या?” तरी तिने फोन माझ्या हातात दिला नाही, आणि मीही मागितला नाही.

ते मुंबईला उतरले. एका हॉटेलात सात दिवस बंद. मग चौघांत मिळून केलेल्या गाडीने, नाक्यानाक्यावर पास दाखवत, गावात. गावात आले तरी घरी नाही; तपासणीचा निकाल येईपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत.

मी डबा घेऊन गेले. फाटकाच्या आत जायचं नव्हतं. मैदानापलीकडे, पाचवीच्या वर्गाच्या व्हरांड्यात अब्बा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. दोन वर्षांत केस सगळे पांढरे झाले होते. उजवा पाय दुसऱ्या खुर्चीवर. मी डबा फाटकाशी ठेवला आणि मागे सरकले. हाक मारावी असं वाटलं, पण तेवढ्या लांब जाणारा आवाज माझ्यात नव्हता. मी फोन लावला. त्यांनी खिशातून काढला, नाव बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“बोल.”

“डबा ठेवलाय अब्बा.”

“दिसला.”

“दुखतंय का?”

“नाही.”

आम्ही दोघं फोन कानाला लावून, एकमेकांकडे बघत उभे होतो. म्हणजे मी उभी होते. मध्ये खो-खोचा खांब होता. फोनवर मला त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि डोळ्यांना ते पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसत होते. अठरा वर्षं फोनवर जो माणूस माझा होता, तो हाच की दुसरा कोणी, असा विचार माझ्या मनात आला आणि त्याची मला लाज वाटली.

“ऊन आहे. जा घरी,” ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी डॉक्टर बाई शाळेत येऊन पाय बघून गेल्या आणि निकालाची वाट न बघता गाडी मागवली. हिंगोलीहून नांदेड. दोन बोटं काढली. पाय राहिला. नांदेडच्या डॉक्टरने अम्मीला सांगितलं की अजून पंधरा दिवस गेले असते तर गुडघ्यापर्यंत बघावं लागलं असतं. अम्मीने ते मला सांगितलं. अब्बांच्या समोर सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

आता ते घरीच असतात. मामूच्या हार्डवेअरच्या दुकानात दुपारी तास-दोन तास बसतात, खिळे तोलून देतात. बाकी वेळ अंगणात. सौदीतल्या खोलीवर फोन करतात, तेव्हा त्यांचा आवाज मोठा होतो, ते हसतात, हट्ट्याच्या काकांच्या भाजीची चौकशी करतात. तो आवाज मला ओळखीचा वाटतो. माझ्याशी बोलताना ते आता पाणी, औषध, पेपर एवढंच बोलतात. मला फोन करणारं तसं कोणी राहिलेलं नाही.

जखम भरायला फार वेळ लागला, आणि मधूनमधून ती अजूनही उघडते. अम्मीला बघवत नाही, म्हणून पट्टी मी करते. सकाळी, नाश्त्याच्या आधी. मी खाली बसते, त्यांचा पाय माझ्या मांडीवर टॉवेलवर असतो. ते खिडकीबाहेर बघतात.

मागच्या हिवाळ्यात एकदा, मी कापूस भिजवत असताना, ते एकदम म्हणाले, “अजून तीन वर्षं काढली असती मी तिकडे.”

“पाय राहिला असता तर,” मी म्हणाले.

“नसता राहिला तरी काढली असती.”

खरंच काढली असती. मी वर बघितलं नाही. कापूस पिळला, जखमेच्या कडेने फिरवला. त्यांनी पाय ओढून घेतला नाही. मी मलम लावलं, पट्टी गुंडाळत वर घेतली, टोक चिकटवलं.

“घट्ट झाली?” मी विचारलं.

“नाही.”

मी पायाची उरलेली बोटं पाहिली. कडेला निळसर होत होती. मी पट्टी सोडली आणि पुन्हा, आधीपेक्षा सैल बांधली.